चार नंबरच्या टाकीचं बारसं

पुण्यात टेकड्यांवर अन्याय होतो, नदीवर होतो, पायी चालणाऱ्यांवर तर रोजच होतो, आणि या प्रत्येकावर मी पत्रक लिहिलेलं आहे. बिअरवर होणाऱ्या अन्यायाबद्दल मात्र या शहरात कोणी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. हसू नका. दर शनिवारी माणसं रांगेत उभी राहून आंब्याचा रस घातलेली पिवळीधमक गोड बिअर मागतात आणि शेजारच्या नळातून येणारी उत्तम बिअर 'ही गढूळ का दिसते' म्हणून परत पाठवतात. त्या शहराला चवीबद्दल बोलायचा अधिकार कोणी दिला? प्रश्न माझा नाही, प्रभाकाकूंचा आहे. त्यांनी तो इतक्या चढ्या आवाजात कधी विचारला नाही, एवढाच फरक. आवाज माझा.

प्रभाकाकू हडपसरच्या एका मायक्रोब्रुअरीत बिअर करायच्या. म्हणजे जागा, टाक्या, परवाना, खुर्च्या, दिव्यांच्या माळा हे सगळं रोहनचं, आणि बिअर काकूंची. वय साठीच्या अलीकडे, राहायला धायरीला, शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं. अर्धं आयुष्य पावाच्या कारखान्यात यीस्ट सांभाळण्यात गेलं. तो कारखाना बंद पडल्यावर घरी बसून मटार सोलायचा त्यांना इतका कंटाळा आला, की पेपरातली जाहिरात बघून त्या सरळ इथं मुलाखतीला आल्या. रोहनला दाढीवाला, हातावर गोंदलेला कोणीतरी तरुण हवा होता. समोर आल्या कॉटनची साडी वर खोचलेल्या, गळ्यात चष्म्याची दोरी अडकवलेल्या बाई. "मला यीस्ट कळतं. ते पावात घाला नाहीतर पिंपात," असं म्हणून त्यांनी त्याला त्याच्याच टाकीतला एक दोष दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून गमबूट घालून कामाला लागल्या. एक अट घातली. चार टाक्यांपैकी तीन तुझ्या, तुला विकायचं ते सांग, मी करून देईन. चौथी माझी.

माझी त्यांची गाठ पत्रकामुळेच पडली. टेकडी फोडून होणाऱ्या रस्त्याविरुद्धचं पत्रक मी हडपसरच्या चौकात वाटत होते. उन्हाची वेळ, बहुतेक लोक कागद घेत होते आणि पुढच्या रिक्षाच्या आडोशाला टाकत होते. एका बाईंनी मात्र स्कूटर कडेला लावली, चष्मा चढवला आणि दोन्ही बाजूंनी मजकूर ठासून भरलेलं ते पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी घालून मला परत दिलं.

"व्याकरण बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण तुझं म्हणणं काय?"

मी सांगायला लागले. आवाज बसलेला होता, सकाळपासून ओरडत होते. त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आधी चल, घसा ओला कर. मग टेकडी वाचव." त्या दिवशी मला वाटलं, बाई लिंबू सरबत देणार.

त्यांच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असायचा. गिऱ्हाईक असो, मालक असो, नाहीतर माझ्यासारखी रस्त्यावरून उचलून आणलेली कार्यकर्ती असो. "काय खाणार?" बिअर त्यानंतर. लोक वैतागायचे. आम्ही प्यायला आलोय, खायचं नंतर बघू, असं कोणी म्हणालं की काकू शांतपणे म्हणायच्या, "मग मीही नंतर बघते." आणि खरंच आत निघून जायच्या.

दुसरी सवय स्टीलच्या फुलपात्राची. बाहेर बारवर उंच काचेचे ग्लास होते, त्यांवर ब्रुअरीचं चिन्ह होतं. पण काकू चव द्यायच्या ती घरून आणलेल्या फुलपात्रातून. त्यांचं म्हणणं असं, की काचेत रंग दिसतो, आणि रंग दिसला की लोक रंगच पितात. एकदा कंपनीतली पोरं आली होती, गळ्यात ओळखपत्रं तशीच. काळी बिअर नको, फार कडक असते, डोकं धरतं, असं त्यांचं ठाम मत होतं. काकूंनी दोन फुलपात्रं पुढं केली, एकात काळी, एकात पिवळी, आणि म्हणाल्या, कडक कुठली ते सांगा, तुम्ही म्हणाल ती परत नेते. सगळ्यांनी एकमतानं पिवळी परत पाठवली. काळी हलकी होती, पोटाला आणि डोक्यालाही. पोरं खजील झाली नाहीत, उलट आणखी काळी मागवून बसली. त्या टेबलाकडे बघून काकू जितक्या खूश झाल्या होत्या तितक्या पगारवाढीच्या दिवशीही झाल्या नसतील.

आणि विशेषणांचा राग. बिअर पिऊन कोणी 'फ्रूटी आहे, सिट्रसी आहे, नोट्स छान येतायत' असं सुरू केलं, की त्या म्हणायच्या, "चांगली आहे म्हण, नाहीतर वाईट आहे म्हण. निबंध घरी लिही." मी पत्रकं लिहिते. माझं पोट विशेषणांवर चालतं. तरी मला ही बाई आवडली, यावरून काय ते समजा.

टाक्यांच्या खोलीला त्या बाळंतिणीची खोली म्हणायच्या, आणि तिथले नियमही तेच. चपला बाहेर. दार हळू लोटायचं, आपटायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. अत्तर लावून आत यायचं नाही. टाकीत यीस्ट काम करत असतं, त्याला वारा, दणका आणि भलता वास चालत नाही, हे त्याचं शास्त्र त्या विचारलं तर सांगायच्या. नाही विचारलं तर नुसतं "बाळंतीण आहे आत" म्हणायच्या. रोहन रोज अंगावर भरपूर सेंट मारून यायचा. स्वतःच्याच ब्रुअरीच्या दारात उभं राहून त्याला काकूंशी बोलावं लागायचं. एकदा तो पैसे गुंतवणारे दोन पाहुणे घेऊन आला. काकूंनी त्यांनाही बूट काढायला लावले. एकाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो पाहुणा त्यानंतर प्रत्येक टाकीपुढं एक पाय दुसऱ्या पायामागं लपवून उभा होता. पैसे मात्र त्यानंच गुंतवले.

बाळंतीण म्हटल्यावर बारसं आलंच. नवी बिअर टाकीत पडली की बाराव्या दिवशी काकू तिचं बारसं करायच्या. तोवर तिला नाव नाही, फक्त टाकीचा नंबर. बाराव्या दिवशी हरभऱ्याच्या घुगऱ्या, सगळ्या स्टाफला बोलावणं, पहिलं फुलपात्र भरायचं, आणि कोणीतरी आत्या होऊन टाकीला तोंड लावून नाव सांगायचं, बाळाच्या कानात सांगतात तसं. आंब्याच्या बिअरची आत्या कॅशिअर मुलगी झाली होती, तिनं 'आमराई' नाव ठेवलं. काळीचं 'काजळी' नाव वॉचमननं ठेवलं. आत्या पुरुष चालतो का, असं त्यानं विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "भांडता येतं का? मग चालतो. सगळ्या घराशी भांडून बाळाची बाजू घेते ती आत्या."

फक्त चार नंबरचं बारसं झालं नव्हतं.

चार नंबरच्या टाकीत ज्वारीची बिअर होती. मोड आणून वाळवलेली ज्वारी आणि थोडं जव. दिसायला धुरकट, मातीच्या पाण्यासारखी. फेस थोडा, तोही लगेच बसणारा. चढायची जवळजवळ नाहीच. चव पहिल्या घोटाला कळायची नाही. दुसऱ्या घोटाला किंचित आंबूस, आंबिलीच्या बाजूनं जाणारी. तिसऱ्याला भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा जिभेवर आल्यासारखी. आणि मग फुलपात्र रिकामं असायचं. तिचा फोटो चांगला येत नाही, एवढा एकच तिचा गुन्हा. आठवडेच्या आठवडे ती कोणी मागायचं नाही. काकू नव्यानं करायच्या, अर्धी स्टाफ प्यायचा, अर्धी गटारात जायची, त्या पुन्हा करायच्या.

हिचं बारसं का करत नाही, असं मी विचारलं होतं. काकू नळीचा जोड घट्ट करत होत्या. म्हणाल्या, "नाव ठेवलं की ओतून देता येत नाही गं. नंबर ओतता येतो."

ज्वारी यायची मार्केट यार्डातल्या अन्वरभाईंकडून. अन्वरभाईंचं भुसाराचं दुकान वडिलांपासूनचं. त्यांनी आयुष्यात बिअरला हात लावलेला नाही आणि लावणार नाहीत, पण चार नंबरचा त्यांच्याइतका कडवा समर्थक मी पाहिला नाही. काकू पोत्यात हात घालायच्या, दोन दाणे दाताखाली फोडायच्या, अन्वरभाईही फोडायचे, आणि दोघं डोळे मिटून उभे राहायचे. मागच्या वेळची कशी झाली, असं अन्वरभाई विचारायचे. काकू म्हणायच्या, चांगली झाली. मग कोणी प्यायलं का? काकू म्हणायच्या, नाही. त्यावर अन्वरभाई इतक्या मनापासून चिडायचे, की शेजारचा हमाल थांबून बघायचा. "अहो ताई, माझ्या दाण्याला नावं ठेवणारे हे लोक कोण? त्यांना म्हणावं आधी भाकरी ओळखून दाखवा." न पिता इतकं चिडणारा माणूस म्हणजे चळवळीला वरदान असतो. मी त्यांना आमच्या टेकडीच्या समितीत घ्यायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, टेकडीचं मला काही कळत नाही, ज्वारीचं बोला.

पण काकू फक्त स्वतःच्याच बिअरच्या वकील होत्या असं कोणी समजू नये. एकदा त्यांनी मला हडपसरच्या एका जुन्या परमिट रूममध्ये नेलं. फॅमिली सेक्शन म्हणजे पडद्यामागची तीन टेबलं. मला वाटलं, साध्या बाटलीतल्या बिअरला त्या नावं ठेवणार आणि मी ऐकणार. त्यांनी वेटरला भाजलेले शेंगदाणे सांगितले आणि माइल्ड मागितली. तो काळजीनं खाली वाकला. मॅडम, स्ट्राँग घ्या, माइल्ड इथं कोणी घेत नाही, काही चढत नाही.

"मला चढायचं नाही, बसायचंय," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी मला ती बिअर समजावून सांगितली. हिच्यात लपायला जागाच नाही, म्हणाल्या. कडक बिअर चुकली तर कळत नाही, गोड बिअर चुकली तर रस झाकून घेतो. ही साधी, हलकी, पाण्यासारखी दिसणारी. हिच्यात इतकुसं चुकलं तर लहान पोरालाही कळेल. ती दर बाटलीत तशीच करणं म्हणजे रोज तसाच वरणभात करणं. करून दाखव. आणि या बाटलीचा कोणी सत्कार केलाय का? सगळे म्हणणार, माइल्ड म्हणजे बायकांची. हे बोलताना त्यांनी पडद्याबाहेर बघितलं, जिथं स्ट्राँगच्या बाटल्या पुढ्यात घेऊन चार पुरुष एकमेकांशी न बोलता बसले होते. "बघ, चढलीय त्यांना," त्या म्हणाल्या. "बसणं काही जमलेलं नाही."

असं सगळं छान चाललेलं असताना आषाढाच्या सुरुवातीला रोहननं तो विषय काढला. मी तिथंच होते. तो दारात उभा, अंगाला सेंटचा वास.

"काकू, इमोशनल होऊ नका," तो म्हणाला. "चार नंबर मूव्ह होत नाहीये. स्ट्रॉबेरीच्या पल्पचे ड्रम येऊन पडलेत. आखाड संपेपर्यंत टाकी अशीच पडून राहिली, तर श्रावणात मी तिच्यात स्ट्रॉबेरी टाकतोय."

"आणि आमची अट?"

"अट मला मान्यच आहे हो. पण टाकीचं भाडं अट भरत नाही."

काकू एवढंच म्हणाल्या, की बरं, आखाड संपेपर्यंत. मला मात्र संताप आवरेना. मालक, भांडवल, स्ट्रॉबेरी, सगळं एका दमात बोलले. काकू म्हणाल्या, पुढारी, तो मालक आहे, खलनायक नाही. मला त्या पुढारीच म्हणायच्या. कौतुकानं नव्हे.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'जागे व्हा पुणेकरांनो, तुमच्या मातीची बिअर मरते आहे!' पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, की धायरीतल्या सिमेंटच्या जंगलात एका लढाऊ शेतकरी स्त्रीनं बिल्डरच्या हाती न दिलेल्या शेवटच्या वावरात ही ज्वारी पिकते. लिहिताना मला रडू आलं होतं. काकूंनी नेहमीप्रमाणे पूर्ण वाचलं.

"वावर मी केव्हाच विकलं," त्या म्हणाल्या. "तिथं बारा मजले झालेत. मी चौथ्यावर राहते. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे. ज्वारी मार्केट यार्डातून येते, तू आली होतीस की पोतं उचलायला."

मी विचारलं, विकताना वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, वाईट कशाला वाटेल, त्या वावरात ज्वारी काही खास यायची नाही. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या दोन पानांवर काट मारत गेल्या. मातीची गेली, मरते आहे गेली, सिमेंटचं जंगल गेलं, उद्गारचिन्हं तर एका रांगेत गेली. शेवटी तीन वाक्यं उरली. 'चार नंबर. ज्वारीची. भाकरीबरोबर प्या.' एवढंच त्यांनी स्वतःच्या अक्षरात बारमागच्या फळ्यावर लिहिलं.

पण फळ्यावर थांबेल ती चळवळ कसली? पुढच्याच शनिवारी मी आमच्या समितीचे सगळे लोक घेऊन गेले. घोषणा, फलक, डफ, सगळं होतं. आम्ही सहा टेबलं अडवली. चार नंबर वाचवा, वाचवा, अशा घोषणा दिल्या, ज्वारीवर एक गाणं रचून म्हटलं. संध्याकाळ फार यशस्वी झाली असं आमचं मत होतं. निघताना काकू दारात आल्या आणि त्यांनी दाखवून दिलं, की सहा टेबलांवर मिळून आम्ही चार नंबर मागवली होती एकच. बाकी सगळं साधं पाणी, आणि तेही बर्फाशिवाय. आमच्यातले निम्मे लोक तत्त्व म्हणून पीत नाहीत, उरलेले तत्त्व म्हणून मायक्रोब्रुअरीत पैसे घालवत नाहीत. आमच्यामुळे नेहमीची गिऱ्हाइकं जागा न मिळून परत गेली होती. रोहन कोपऱ्यात डोकं धरून बसला होता.

मला वाटलं, आता काकू मला हाकलून देतील. त्या भिंतीला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "गाणं बरं होतं. पुढच्या वेळी मोर्चा उपाशी आण."

हे 'उपाशी' त्यांच्याच डोक्यात राहिलं असणार. आमच्याकडे आखाडाचा शेवटचा रविवार म्हणजे घरोघर मटण. पुढं श्रावण, मग महिनाभर काही नाही, त्यामुळे भावकी गोळा होते आणि दुपारी दोनपासून जेवणं चालतात. धायरीत काकूंच्या सासरी हे जेवण मोठं. त्या वर्षी काकूंनी दिरांना सांगितलं, की आखाड या वेळी माझ्या कामावर करायचा. दीर म्हणजे आप्पा. पांढरा शर्ट, पांढरी मिशी, जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस. वहिनी कुठंतरी औषधाच्या कंपनीत असाव्यात, असं त्यांनी इतकी वर्षं सोयीनं समजून घेतलं होतं. रोहननं किचन द्यायला आढेवेढे घेतले. काकू म्हणाल्या, आखाड संपेपर्यंत टाकी माझी आहे ना, मग त्या टाकीपुढचा चुलाही माझा.

रविवारी सकाळीच काकूंची जाऊ दोन नणंदांना घेऊन किचनमध्ये शिरली. पिझ्झ्याच्या शेफनं काही बोलायच्या आत त्याच्या हातात सोलायला लसूण दिला गेला. सुकं खोबरं भाजल्याचा वास हॉलमध्ये आला तेव्हा बाकीच्या टेबलांवर लोक चिकन विंग्ज खात होते. त्यांनी विंग्ज खाली ठेवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं.

आप्पांनी आणि त्यांच्या बरोबरच्या बाप्यांनी बसताच आमराई मागवली. सगळे तीच पितात म्हणून. मग रस्सा आला, काळा, वर तेलाचा तवंग. पहिला घास, वर आंब्याचा गोड घोट. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिखट तोंडात तसंच, वर गोडाचा चिकटा. दुसरा घोट घेऊन त्यांनी ग्लास लांब सरकवला. काकू तेवढ्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी प्रत्येकापुढं एकेक फुलपात्र ठेवलं. रंग दिसत नव्हता, नाव नव्हतं.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला आणि फुलपात्र तोंडाला लावलं. ते खाली आलं तेव्हा रिकामं होतं.

"वयनी, ही आंबील हाय का बिअर?"

"दोन्ही धरा, भावजी."

"आन् भाकरीशी कशी काय लागती एवढी?"

"एकाच पोत्यातल्या आहेत दोघी," काकू म्हणाल्या. "अर्धं पोतं आधीच टाकीत गेलं होतं, उरलेलं काल दळायला दिलं."

आप्पांनी मिशी पुसली आणि आयुष्यभर बैठकीत बोलून कमावलेल्या आवाजात अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, की ते गोड पाणी उचला आणि हे आणा. मी आजवर इतक्या सभा घेतल्या, पण एवढा परिणाम करणारं वाक्य ऐकलं नव्हतं. शेजारचं टेबल वळलं. आम्हाला तो रस्सा मिळेल का? काकूंनी सांगितलं, मिळेल, पण भाकरीबरोबर, आणि भाकरी चार नंबरबरोबर. लोक तयारच होते. कंपनीतली पोरं आली, काजळीवाली. एक आजी-आजोबा नातवाचा वाढदिवस सोडून आमच्या टेबलाला येऊन बसले. किचनमधून भाकऱ्या थापल्याचा आवाज थांबत नव्हता. काकूंची जाऊ मधूनच बाहेर येऊन कोण उपाशी राहिलं ते बघून जायची.

उन्हं अजून वर होती, तेव्हा चार नंबरच्या नळानं एक गुरगुर केली, फेसाची एक पिंक टाकली आणि तो गप्प झाला. टाकी रिकामी होती. गटारात एक थेंब गेला नव्हता. कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. रोहननं नळ दोनदा फिरवून बघितला. मग तो काकूंकडे गेला, आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात थांबला. सवयीनं.

"काकू, स्ट्रॉबेरी तीन नंबरला टाकतो," तो म्हणाला.

"आधी सेंट धुऊन ये," काकू म्हणाल्या. "आत ये आणि टाकी बघ. रिकामी टाकी कशी दिसते तुला माहीत नाही."

नवी ज्वारी भिजली, मोडावली, टाकीत गेली, आणि बाराव्या दिवशी बारसं ठरलं. श्रावण लागला होता. हॉल जवळजवळ ओस. किचनमध्ये पिठलं-भाकरी सुरू झाली होती आणि न पाळणारी थोडी माणसं तिच्याबरोबर 'चार नंबर आहे का' असं विचारत येऊ लागली होती. आप्पांनी अख्ख्या धायरीत सांगितलं होतं, की औषधाच्या कंपनीतलं औषध चांगलं आहे. अन्वरभाई आत येणार नाहीत हे काकूंना माहीत होतं, म्हणून घुगऱ्यांचं पातेलं बाहेर पार्किंगमध्ये मांडलं. ते स्कूटरवर टेकून घुगऱ्या खात होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाणा कुठला ते सांगत होते.

तिथंच काकूंनी सांगितलं, की सोलापूरला एक नवी ब्रुअरी निघते आहे, त्यांनी बोलावलंय, पुढच्या आठवड्यात जाणार. ज्वारीच्या मुलखात, म्हणाल्या, आणि तिथले लोक आंब्याची बिअर मागतायत. काहीतरी करायला हवं. साठीला टेकलेली बाई हे असं सांगत होती, जसं मी नव्या मोर्चाची तारीख सांगते. इथली चार नंबर त्यांच्या हाताखालची मुलगी सांभाळणार होती. रोहन हिरमुसला होता. त्यानं सेंट लावला नव्हता.

"आत्या कोण?" कॅशिअर मुलीनं विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "पुढारी, चपला काढ."

मी आत गेले. गार, दमट खोली, भिजल्या धान्याचा वास. चार नंबरच्या टाकीला हात लावला तर ती कोमट होती, जिवंत वाटत होती. रोहननं आधीच एक इंग्रजी नाव सुचवून ठेवलं होतं. माझ्या डोक्यातही नावं होती, चांगली लांबलचक, प्रत्येकात संघर्ष. मला फळ्यावरची ती तीन वाक्यं आठवली. मी वाकले, टाकीच्या थंड कडीपाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं.

काकूंनी विचारलं नाही. म्हणाल्या, मला नको सांगू, बाहेर लिही. फळ्यावरचं 'चार नंबर' पुसून मी लिहिलं, 'ठकी'. जुन्या लाकडी बाहुलीचं नाव. साधी, धुरकट रंगाची, घरात सगळ्यांच्या हातांतून गेलेली. पुढचं तसंच ठेवलं. 'ज्वारीची. भाकरीबरोबर प्या.'

काकू बाहेर आल्या. गमबूट काढून त्यांनी स्कूटरच्या हुकाला अडकवले होते, पायात साध्या चपला होत्या. त्यांनी चष्मा चढवला आणि फळ्यापुढं उभं राहून, चौकात पत्रक वाचलं होतं तसं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. मागं एक टेबल लागलं होतं, दोन म्हातारे गृहस्थ, श्रावण न पाळणारे. त्यांतले एक वेटरला म्हणत होते, "दोन पिठलं-भाकरी, आणि दोन ठकी."

काकूंनी चष्मा खाली सोडला.

"हं," त्या म्हणाल्या. "आत्ता कळलं तुझं म्हणणं."

आणि अन्वरभाईंना मागं बसवून, हुकाला गमबूट हिंदकळत, त्या मार्केट यार्डाच्या दिशेनं निघून गेल्या.